तबकडी राखाडीच दिसते

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत, मुलांच्या पानावर, गेल्या आठवड्यात न्यूटनच्या तबकडीचा प्रयोग छापून आला आहे. पुठ्ठ्याची गोल चकती कापावी, तिचे सात सारखे भाग करून त्यांत ‘ता ना पि हि नि पा जा’ या क्रमाने इंद्रधनुष्याचे रंग भरावेत आणि चकती गरगर फिरवावी, म्हणजे सातही रंग नाहीसे होऊन ती पांढरीशुभ्र दिसू लागते, असे त्यात म्हटले आहे. साहित्य घरात सापडणारे, कृती सोपी आणि सोबतचे चित्रही नेटके आहे. माझी तक्रार आहे ती एकाच शब्दाबद्दल. फिरणारी तबकडी पांढरीशुभ्र दिसत नाही, राखाडी दिसते. रंगवणाऱ्याचा हात तांबड्या-पिवळ्याकडे सैल असेल तर ती मातकट होते आणि निळ्या-जांभळ्याकडे सैल असेल तर पारव्याच्या पाठीसारखी होते. पण शेजारी कोरा कागद धरल्यावर त्या कागदाची बरोबरी करील अशी तबकडी मी अजून पाहिलेली नाही.

मी माध्यमिक शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकवले आहे. तेव्हा या चुकीचे माप दुसऱ्याच्या पदरात टाकून मोकळे होण्याचा अधिकार मला नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत हाताने फिरवायची लाकडी दांड्याची तबकडी होती. ती मी दरवर्षी काढायचो, झटकायचो, फिरवायचो आणि ‘काय दिसतंय?’ असे विचारायचो. पहिल्या बाकावरची मुले एका सुरात ‘पांढरी’ म्हणायची, कारण पुस्तकातला तो धडा त्यांनी आदल्या दिवशीच वाचलेला असायचा. मागच्या बाकावरून एखादा ‘मळकी’ म्हणायचा, वर्ग हसायचा आणि मीही हसायचो. त्या मळकीवर मी एकदाही थांबलो नाही.

यंदा तो मागच्या बाकावरचा मुलगा माझ्याच घरात निघाला. माझी नात आठवीत आहे. तिने जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची चकती कापली. ३६० ला ७ ने पुरता भाग जात नाही, तेव्हा कोनमापकाने ५१-५१ अंशांचे सहा भाग आखले, आणि उरलेले ५४ अंश जांभळ्याच्या वाट्याला गेले. पारव्या रंगासाठी निळ्यात थोडा जांभळा घोटला. मध्याच्या दोन्ही अंगांना दोन भोके पाडून त्यांतून दोरा ओवला, दोऱ्याला पीळ दिला आणि सोडाबाटलीच्या बुचाची भिंगरी करतात तशी ती दोन्ही हातांनी ताणून-सैल करून घूं घूं फिरवली. रंग विरले. तिने दोन-तीनदा फिरवून पाहिली आणि म्हणाली, ‘आबा, पांढरी नाही दिसत. आपल्या मागच्या भिंतीच्या गिलाव्यासारखी दिसतेय.’ प्रयोगवहीत निरीक्षणाच्या रकान्यात तिने लिहिले, ‘चकती फिरत असताना राखाडी दिसते.’ वही शाळेतून परत आली तेव्हा ‘राखाडी’वर लाल रेघ होती आणि वर ‘पांढरी’ असे लिहिलेले होते. शाळेचे नाव मी लिहीत नाही, कारण कुठल्याही शाळेत हेच झाले असते. माझ्या हाताखालून गेलेल्या वह्यांतही अशा लाल रेघा असतील.

गंमत अशी की ज्याच्या नावाने ही तबकडी ओळखली जाते त्या न्यूटनला तिचा राखाडीपणा पुरता ठाऊक होता. प्रकाशावरचा त्याचा ग्रंथ १७०४ साली प्रसिद्ध झाला. त्यात रंगीत भुकट्या एकत्र करून पांढरा रंग मिळतो का, हे पाहणारा एक प्रयोग आहे. त्याने पिवळ्यासाठी हरताळ घेतला, हिरव्यासाठी तांब्यावर चढतो तो जंगाल घेतला, आणि चित्रकार वापरतात तशा जांभळ्या नि निळ्या भुकट्या घेतल्या. प्रमाण जुळवत जुळवत त्याने अशी पूड तयार केली, की तिच्यात कोणताच रंग ओळखू येईना. पण ती पांढरी झाली नाही. अशा मिश्रणांचा रंग कसा असतो हे सांगताना त्याने उंदीर, राख, साधा दगड, रस्त्यावरची धूळ अशी यादी दिली आहे, आणि त्या यादीत भिंतीचा गिलावाही आहे. नातीची उपमा आणि त्याची उपमा तीनशे वर्षांच्या अंतराने एकाच भिंतीवर जाऊन टेकावी, याचे मला फार अप्रूप वाटले.

न्यूटन तिथेच थांबला नाही. त्याने ती राखाडी पूड खोलीत आलेल्या उन्हाच्या कवडशात ठेवली आणि तिच्याजवळ, पण सावलीत, पांढरा कागद ठेवला. तेवढ्यात एक मित्र भेटायला आला. त्याला दारातच थांबवून, काय चालले आहे याची काहीही कल्पना न देता, न्यूटनने विचारले की या दोन पांढऱ्यांपैकी चांगला पांढरा कोणता. मित्राने लांबूनच नीट न्याहाळले आणि सांगितले, की दोन्ही उत्तम पांढरे आहेत, डावे-उजवे करता येत नाही. म्हणजे सावलीत उंदरासारखी दिसणारी तीच पूड उन्हात कागदाच्या तोडीस तोड पांढरी दिसली.

प्रयोगाचे मर्म इथेच आहे, आणि ‘पांढरी’ एवढेच पाठ करून घेतले की ते हातचे निसटते. चकतीचा तांबडा भाग उन्हातला तांबडा प्रकाश परत पाठवतो आणि बाकीचा बहुतेक गिळून टाकतो. हिरवा भाग हिरवा परत पाठवतो आणि बाकीचा गिळतो. प्रत्येक भागाची हीच तऱ्हा असते. चकती वेगाने फिरली की दृष्टिसातत्यामुळे हे सारे तुकडे डोळ्यात एकमेकांवर पडतात. रंगांची बेरीज तर होते, पण गिळला गेलेला प्रकाश काही परत येत नाही. कोरा कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला बराचसा परत करतो आणि चकती त्यामानाने थोडाच करते. कोणत्याही रंगाकडे न झुकणारा, पण शेजारच्या पांढऱ्यापेक्षा मंद, असा जो प्रकाश डोळ्यात शिरतो त्याला आपण राखाडी म्हणतो. राखाडी म्हणजे गरिबीतला पांढरा. थेट उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो आणि घरातल्या खोलीत दोन-चारशे लक्स असला तरी आपण खोली उजळ आहे असे समजतो, हे लक्षात घेतले तर न्यूटनच्या मित्राचे उत्तर चमत्कारिक वाटत नाही. उन्हात पडलेला कोळसादेखील खोलीतल्या कोऱ्या कागदापेक्षा अधिक प्रकाश आपल्याकडे पाठवत असतो; तो काळा दिसतो तो आजूबाजूच्या उजळ वस्तूंमुळे.

याच राखाडी रंगाचे मोजमाप पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने केले. वीज आणि चुंबकत्वाच्या समीकरणांमुळे तो आपल्याला माहीत असतो, पण १८५५ साली, विशीत असताना, तो रंगीत कागदाच्या चकत्या फिरवत बसला होता. प्रत्येक चकतीला त्याने कडेपासून मध्यापर्यंत एक चीर दिली होती. त्यामुळे चकत्या एकमेकींत अडकवून कोणता रंग किती दिसावा हे हवे तसे कमी-जास्त करता येई. बाहेरच्या मोठ्या चकतीवर त्याने हिंगुळाचा तांबडा, गडद निळा आणि पाचूसारखा हिरवा घेतला, आणि आतल्या लहान चकतीवर फक्त काळा आणि पांढरा. चकती फिरवायची, थांबवायची, भाग सरकवायचे आणि पुन्हा फिरवायची, असे करीत आतला आणि बाहेरचा रंग हुबेहूब जुळेपर्यंत तो काम करत राहिला. एका जुळणीत त्याचे आकडे असे आले: बाहेर शंभरातले ३७ भाग तांबडा, २७ निळा आणि ३६ हिरवा, आत २८ भाग पांढरा आणि ७२ भाग काळा. म्हणजे तिन्ही रंगांच्या बेरजेतून जे हाती आले, त्यात पांढऱ्याचा हिस्सा चार आण्यांहून थोडाच अधिक होता. रंगमापनाचे शास्त्र ज्या प्रयोगांवर उभे राहिले, त्यांत हा एक आहे. मॅक्सवेलने निरीक्षणाच्या रकान्यात ‘पांढरी’ लिहून वही मिटली असती, तर या २८ आणि ७२ वर त्याचे लक्षच गेले नसते.

यावर कोणी म्हणेल की मुलांना एवढ्या खोलात कशाला न्यायचे. सात रंग मिळून पांढरा प्रकाश होतो एवढे कळले तरी पुरे. हे म्हणणे मला मान्य आहे, फक्त त्यासाठी तबकडी हे चुकीचे साधन आहे. तबकडीत रंगद्रव्ये असतात आणि रंगद्रव्य प्रकाश खाते. प्रकाशातच प्रकाश मिसळलेला पाहायचा असेल तर परात घ्यावी. परातीत चार बोटे पाणी घालून ती खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या तिरप्या उन्हात ठेवावी, एक लहान आरसा पाण्यात अर्धा बुडेल असा काठाला टेकवावा आणि पाण्याखालच्या भागावरून उलटून आलेला कवडसा समोरच्या भिंतीवर पडेल असा त्याचा कल जुळवावा. पाणी निवले की भिंतीवर रंग उमटतात. (आरशातल्या सूर्याकडे थेट बघू नये, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे.) पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना वेगवेगळ्या रंगांचे किरण वेगवेगळ्या प्रमाणात वाकतात म्हणून हे घडते. पाठ्यपुस्तकात यालाच अपस्करण म्हणतात आणि काचेच्या लोलकातही हेच होते.

या प्रयोगातही मुलाला पुस्तकातले चित्र पहिल्या खेपेस दिसत नाही. भिंत जवळ असेल आणि आरसा चांगला हातभर असेल तर भिंतीवर सात पट्टे उमटत नाहीत. मध्ये पांढरा पट्टा दिसतो, एका कडेला तांबडी-पिवळी किनार आणि दुसऱ्या कडेला निळी-जांभळी. हिरवा तर कुठेच नसतो. इथे ‘प्रयोग फसला’ म्हणून परात उचलून ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. प्रत्यक्षात हवी ती गोष्ट समोरच घडलेली असते. आरशाच्या प्रत्येक आडव्या पट्टीतून आलेली वर्णपंक्ती शेजारच्या पट्टीच्या वर्णपंक्तीवर थोडी सरकून पडते. मधल्या भागात सगळे रंग एकमेकांवर येतात आणि त्यांचा पांढरा होतो. कडेला सोबत मिळत नाही म्हणून तिथले रंग उघडे पडतात. आता आरशावर काळा कागद चिकटवून बोटभर रुंदीची आडवी फट तेवढी मोकळी ठेवावी आणि शक्य तर कवडसा खोलीच्या लांबच्या भिंतीवर न्यावा. पांढरा आक्रसत जातो आणि तो होता तिथे हिरवा उगवतो. पांढऱ्यातून रंग आणि रंगांतून पांढरा, हे दोन्ही प्रवास एका परातीत आणि एका काळ्या कागदाच्या तुकड्यावर होतात. इथे मिळालेला पांढरा खरोखरच पांढरा असतो, गिलाव्यासारखा नसतो.

जर्मन महाकवी गटे, ज्याने कालिदासाच्या शकुंतलेचे तोंडभरून कौतुक केले म्हणून आपल्याकडे तो आदराने आठवला जातो, तो नेमका या किनारींपाशी अडखळला. लोलकातून त्याने पांढऱ्या भिंतीकडे पाहिले, भिंत पांढरीच दिसली, रंग फक्त कडांना दिसले. आणि न्यूटन चुकला असे त्याने ठरवून टाकले. त्याचे निरीक्षण अचूक होते, फक्त निष्कर्ष चुकला. अशी चूक करणाऱ्या विद्यार्थ्याला मी निरीक्षणाचे सगळे गुण देईन आणि अनुमानाचे कापीन. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते.

सात या संख्येबद्दलही एक शब्द लिहितो. परातीच्या वर्णपंक्तीत नातीला पारवा सापडला नाही. निळ्यापुढे जांभळा, मध्ये वेगळे काही नाही, असे तिचे म्हणणे पडले. मलाही तो कधी सुटा दिसलेला नाही. वर्णपंक्तीत रंगांच्या सीमा आखलेल्या नसतात. न्यूटनने सप्तकातल्या सात स्वरांशी मेळ बसवून रंग सात मानले आणि आपल्या रंगवर्तुळाचे भागही स्वरांतरांप्रमाणे लहान-मोठे केले. सात सारखे भाग करून ५१ अंशांच्या कोनाशी मुलांची झटापट लावण्याची त्याची मूळ योजनाच नव्हती. तेव्हा ज्याला सहा दिसले त्याने सहा लिहावेत.

हे पत्र आत्ताच लिहिण्याचे कारण म्हणजे २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, आणि त्यानिमित्ताने भरणाऱ्या शाळाशाळांतल्या प्रदर्शनांत न्यूटनची तबकडी हमखास मांडलेली असते. हा दिवस १९८७ पासून चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या १९२८ मधील शोधाच्या स्मरणार्थ पाळला जातो. रामन यांची एक गोष्ट इथे लागू पडते. १९२१ साली इंग्लंडच्या प्रवासात भूमध्य समुद्राची निळाई पाहून त्यांना प्रश्न पडला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे लॉर्ड रॅले यांचे मत तेव्हा प्रमाण मानले जात होते. रामन यांच्याजवळ निकोलचा एक छोटा लोलक होता; तो एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आरपार जाऊ देतो. तो डोळ्यासमोर योग्य कोनात धरून त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागावरून येणारे परावर्तन दाबून टाकले. निळाई गेली नाही, उलट अधिक खुलली. तेव्हा ती आकाशाकडून उसनी आणलेली नसून पाण्यातच होणाऱ्या विकिरणाची आहे, असे त्यांनी म्हटले. परतीच्या प्रवासात ‘नारकुंडा’ बोट मुंबई बंदरात असताना, सप्टेंबर १९२१ मध्ये, त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकाला पाठवलेले यासंबंधीचे टिपण हे संपादकाला लिहिलेले पत्रच होते. न्यूटनने लोलकाचे प्रयोग १६७२ साली जगापुढे मांडले तेही पत्ररूपानेच. एवढ्यावरून माझे पत्र त्यांच्या पंगतीला बसवावे असे मला सुचवायचे नाही. पण रामन यांनी छापील उत्तर बाजूला ठेवून आधी पाहिले, आणि त्यांच्याच नावाच्या दिवशी मुलांना न दिसलेला पांढरा रंग लिहायला लावायचा, हे विसंगत आहे.

मुलांच्या पानाच्या पुढच्या अंकात ‘पांढरीशुभ्र’ या शब्दाची दुरुस्ती छापावी आणि परातीचा प्रयोगही द्यावा, ही आपल्याला विनंती आहे. जागा उरलीच तर आपल्याच अंकातले एखादे रंगीत छायाचित्र भिंगाखाली पाहायला मुलांना सांगावे. आकाशी, गुलाबीसर, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांपलीकडे त्यात काही नसते आणि पांढरा रंग म्हणून जो दिसतो तो कोरा सोडलेला कागद असतो. ‘न्यूटनची तबकडी वेगाने फिरवल्यास ती ...... दिसते’ ही गाळलेली जागा चाचणीत घालणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनाही मी विनवतो, की राखाडी किंवा पांढरट लिहिणाऱ्याचा एक गुण कापू नये.

गेल्या रविवारी न्यूटनचा मित्राचा प्रयोग आम्ही घरी करून पाहिला. सकाळी दहाच्या उन्हात गॅलरीत मी भिंगरी ओढत उभा राहिलो, मागे काळी छत्री उघडून ठेवली आणि नातीने खोलीतल्या कपाटावर, सावलीत, कोरा कागद चिकटवला. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या. त्यांना उंबऱ्यावरच थांबवून तिने विचारले की यातला चांगला पांढरा कोणता. काकूंनी दोन्हींकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘दोन्ही पांढरेच आहेत की गं. तो आबांच्या हातातला जरा पिवळसर वाटतो, धुवायला झालाय.’ नातीने हे वाक्य निरीक्षणाच्या रकान्यात जसेच्या तसे उतरवले आहे आणि खाली काकूंची सही घेतली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा